पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर वडील दिवसभर झोपून आहेत: आधी काय बघावं, मग काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७६ वर्षांचे, देवगड तालुक्यातल्या गावी राहतात. बीपी आणि साखर, दोन्हीच्या गोळ्या चालू. आतडं अडलं म्हणून तातडीने पोट उघडावं लागलं. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, तेवढा भाग काढून आतडं जोडलं. नवव्या दिवशी घरी सोडलं, आज अकरावा दिवस. मुलगा लिहितो, ‘दिवसभर शांत झोपून असतात, तसा काही त्रास नाही. चार चमचे पेज घेतात आणि तोंड फिरवतात. रात्री मात्र उठून बसतात आणि वारलेल्या काकांना हाका मारतात. शेजारी म्हणतात भूल अजून उतरली नाही, आराम करू दे.’ त्याची रजा संपत आली आहे. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: बाबा पहिल्यासारखे कधी होणार, त्यांना डोंबिवलीला न्यावं का, आणि या वयात ऑपरेशन करून आपण चूक तर केली नाही ना.

या तिन्हींची उत्तरं देतो. पण तुम्ही ‘शांत झोपून असतात, तसा काही त्रास नाही’ असं जे सहज लिहून गेलात, तिथेच मी थांबलो. सत्तावीस वर्षं मी या किनाऱ्यावर पोटाची ऑपरेशनं करतोय. ओरडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मला तेवढी भीती वाटत नाही, कारण त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गप्प पडून राहिलेल्याची वाटते. म्हणून बाकीचं वाचण्याआधी एक करा. आज दुपारपर्यंत त्यांना ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे न्या. ते शक्य नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. उद्यावर टाकू नका.

भूल अकरा दिवस राहत नाही. भुलेची औषधं काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जातात. तुम्ही सांगताय त्याला जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची. मेंदूचं भान काही दिवसांपुरतं हरपतं. दिवस-रात्र उलटीपालटी होते, माणसं ओळखू येत नाहीत, गेलेली माणसं दारात दिसतात. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे बऱ्याचदा घडतं, तातडीच्या ऑपरेशननंतर तर जास्तच. याचे दोन प्रकार. एकात माणूस नळ्या ओढतो, शिव्या देतो, ‘माका घराक जावचा आसा’ म्हणून खाटेवरून उतरतो. दुसऱ्यात तो नुसता पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. हा दुसरा प्रकार घरच्यांना आराम वाटतो आणि कधीकधी नर्सलाही. तुमच्या वडिलांत दोन्ही दिसताहेत, दिवसा एक आणि रात्री दुसरा.

वात झाला म्हणजे शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडलंय. ते शोधायचं असतं. माझ्यासमोर असा माणूस आला की मी आधी नाडी आणि श्वास मोजतो. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी शंभरच्या वर आणि श्वास मिनिटाला चोवीसच्या वर असेल, तर आतड्याचा सांधा गळतोय का, छातीत कफ धरून न्यूमोनिया झालाय का, हे आधी बघावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला ताप यायलाच हवा असं नाही. पोटात पू असूनही थर्मामीटर ९८ दाखवतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मग बेंबीखाली हात ठेवून मूत्राशय भरलंय का बघतो. या वयात प्रोस्टेट वाढलेलं असतं. नळी काढल्यावर लघवी थेंब थेंब होते आणि घरचे म्हणतात, ‘होतेय की.’ आत मात्र लिटरभर तुंबलेली असते. तेवढ्यानेही माणूस बरळतो. शौचाचा खडा अडकला तरी बरळतो. त्यानंतर साखर, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन. आणि शेवटी गोळ्यांची पिशवी ओतून एकेक गोळी बघतो.

ही पिशवी तुम्हीही आज सोबत न्या. साखरेची गोळी पूर्वीइतकीच चालू आहे आणि खाणं चार चमचे पेज, तर साखर खाली जाऊन माणूस गुंगीत पडतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने हे फार होतं. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर आत्ता मोजा. सत्तरच्या खाली दिसली आणि ते गिळू शकत असतील तर त्यांना बसवून साखरेचं पाणी द्या आणि लगेच निघा. गिळत नसतील तर तोंडात काही घालू नका. बीपीच्या गोळीत बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं, ते सोडियम उतरवू शकतं. वेदनेसाठी ट्रामाडॉल दिलं असेल तर त्याने गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतो. झोपेची गोळी म्हणून कुणी अल्प्राझोलाम देत असेल, तर ती नवीन सुरू झालीय की आधीपासून रोज होती हे डॉक्टरांना सांगा. नवीन असेल तर ती वात वाढवते, जुनी असेल तर एकदम तोडल्यानेही वात होतो. सर्दीच्या साध्या गोळीतलं गुंगीचं औषधही या वयात पुरे होतं. पण कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांसमोर पिशवी उघडा आणि ‘यातलं आता काय नको?’ असं थेट विचारा.

सोडियमबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात ही चूक प्रेमापोटी होते. गेल्या पावसाळ्यात एका आज्जींना माझ्याकडे आणलं. पोटाच्या ऑपरेशनला पंधरा दिवस झाले होते, टाके सुरेख भरलेले, पोट मऊ. पण डोळे अर्धे मिटलेले, बोट पुढे केलं तर धरायच्या आणि सोडायला विसरायच्या. सून डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, ‘डॉक्टर, पथ्यात काय्येक कमी केलंय नाय. बीपी आसा म्हणान पंधरा दिवस अळणी पेज दितंय.’ सोबत दिवसाला दोन-तीन शहाळी आणि उकळलेलं पाणी. सोडियम आलं ११८, पाहिजे १३५ ते १४५. नुसतं पाणी आणि बिनमिठाची पेज पोटात जात होती, वरून लघवीची गोळी चालू. सोडियम सावकाश वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते, म्हणून चार दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर आज्जी उशीला टेकून बसलेल्या. माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, ‘तू कोणाचो रे?’ तो प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो कुठल्याही रिपोर्टने होत नाही.

गावात कुणी म्हणेल बाहेरचं काही लागलं, देवाला गाऱ्हाणं घाला. जरूर घाला, घरच्यांना त्याने धीर येतो. पण रक्त तपासायला देऊन मग घाला.

आता समजा तपासण्या झाल्या, जे सापडलं त्यावर उपचार सुरू झाले, पोट ठीक आहे असं सर्जननी सांगितलं. तिथून पुढे खरं काम घरात आहे, आणि ‘आराम करू दे’ या सल्ल्याशी माझं भांडण तिथेच आहे.

मी शिकत होतो तेव्हा पोट उघडलेल्या रुग्णाला नाकात नळी घालून, गॅस सरेपर्यंत पाण्याचा थेंबही न देता, आठ-आठ दिवस खाटेवर ठेवायचो. तसंच शिकवलं जायचं. त्या काळातली एक म्हातारी मी विसरलेलो नाही. ऑपरेशन उत्तम झालं होतं. पंधरा दिवसांनी टाके काढले, सोडायची वेळ आली आणि लक्षात आलं की तिला उभं राहता येत नाही. चालत आलेली बाई, आम्ही तिला झोळीतून परत पाठवली. पुन्हा ती चालली नाही. पोट आम्ही वाचवलं होतं, पाय आम्हीच घालवले होते.

१९९०च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जनने ही रीत मुळापासून तपासली. नळ्या लवकर काढा, वेदना नीट आवरा, पहिल्याच दिवशी उठवा, तोंडाने खायला द्या, असं एकत्र करून त्याने रुग्ण थोड्या दिवसांत पायांवर घरी पाठवून दाखवले. आज जगभर हीच दिशा मानतात. आणि झोपून राहण्याचा हिशोबही मांडलेला आहे. धडधाकट वृद्धांना, कुठलाही आजार नसताना, नुसतं दहा दिवस खाटेवर ठेवलं तर त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं. तुमच्या वडिलांचे अकरा दिवस झालेत, आणि ते धडधाकट नव्हते, त्यांचं आतडं अडलेलं होतं.

म्हणून खाट फक्त रात्रीसाठी आणि दुपारच्या एका झोपेसाठी. एरवी पडवीत खुर्ची. हातांची, ताठ पाठीची साधी खुर्ची. ओटीवरची जुनी आरामखुर्ची नको, तिच्यातून उठताना पोटावर ताण येतो आणि एकट्याला उठताच येत नाही. तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत बसूनच. खाटेवरून उठवताना हात धरून वर ओढू नका. आधी कुशीवर वळू द्या, गुडघे दुमडून पाय खाटेखाली सोडू द्या, मग खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने खाट रेटत उठू द्या. पोटाचे स्नायू जवळजवळ वापरावे लागत नाहीत. बसल्यावर दोन मिनिटं थांबा. चक्कर येत नाही ना विचारा, मगच उभं करा. पहिल्या दिवशी पडवीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, दिवसातून चार वेळा. दर दिवशी एक खेप वाढवा. त्याशिवाय खुर्चीतून उठणं-बसणं, एका वेळी पाचदा, दिवसातून तीनदा. मांडीचे स्नायू परत आणायला याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही. चालताना थोडी धाप लागली, टाक्यांपाशी थोडं ओढलं, तर चालेल. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बसवायचं.

खळ्यात, म्हणजे अंगणात, मात्र आत्ता नको. आषाढाच्या पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, आणि या अवस्थेत मांडीचं हाड मोडलं तर मग सगळंच कठीण होतं. न्हाणीघर मागीलदारी असेल तर दोन महिने रात्री तिकडे पाठवू नका. लघवीचं भांडं आणि कमोडची खुर्ची खाटेशेजारी ठेवा. मेडिकलवाले भाड्यानेही देतात. उकिडवं बसणं सध्या बंद, वाकून पाणी काढणं बंद. पाच किलोच्या वरचं काही सहा ते आठ आठवडे उचलायचं नाही. आतून शिवलेला पोटाचा मधला पडदा तीन आठवड्यांत मूळ ताकदीच्या जेमतेम पाचव्या हिश्शापर्यंत येतो, वरची कातडी कितीही छान भरलेली दिसली तरी. पोटपट्ट्याने चालताना आधार वाटत असेल तर बांधा, झोपताना काढा. हर्निया तो थांबवत नाही, पण धीर देतो, आणि धीर आला की माणूस चालतो.

आता श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राबद्दल, ज्यात प्लास्टिकच्या तीन गोळ्या असतात (स्पायरोमीटर). बहुतेक घरांत ते उलटं वापरलं जातं. फुंकायचं नाही, ओढायचं. नळी ओठांत धरून हळू आणि खोल श्वास आत घ्यायचा, गोळी वर आली की दोन-तीन सेकंद धरून ठेवायची, मग सोडायचा. जागेपणी तासाला दहा वेळा. खोकताना पोटाशी उशी घट्ट कवटाळायची. दुखेल म्हणून खोकला दाबला की कफ खाली बसतो.

आता खाणं. पेज वाईट नाही. पण पातळ पेजेच्या वाटीत दोन ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, आणि जखम, आतड्याचा सांधा, पायांचे स्नायू हे सगळं प्रथिनांवर चालतं. या अवस्थेत वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. वडील बावन्न किलोचे धरले तर साठ ते ऐंशीच्या मधे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. ऐकायला खूप वाटतं, पण आपल्या स्वयंपाकघरात ते बसतं. दोन अंडी म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. शंभर ग्रॅम माशाच्या मांसात अठरा ते वीस. दोन पेले दूध तेरा. घट्ट वरणाची वाटी सहा-सात. पंचवीस ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी साडेपाच. वाटीभर दही चार-पाच. झाले साठ. पेजच द्यायची तर मऊ भातासारखी घट्ट करा, मीठ घाला, तूप घाला, त्यात शिजवलेली मुगाची डाळ किंवा अंडं फेटून घाला. एका वेळी चार घासांच्या वर जात नसेल तर दिवसातून आठ वेळा चार घास द्या. घड्याळ लावून द्या, ‘भूक लागली का?’ विचारू नका. त्यांना भूक लागणारच नाहीये.

मासे चालतील का, हे मला रोज कुणीतरी विचारतं. चालतील. मुडदुशी तर आपल्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला द्यायची जुनी रीतच आहे, ती योग्यच आहे. मऊ, काटे काढून, कमी तिखटाची कढी किंवा वाफवून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा खाडीचं जे ताजं मिळेल ते घ्या, नाहीतर अंडी वाढवा. पुढे श्रावण लागेल, आणि वडील श्रावण पाळत असतील तर मासे-अंडी एकदम थांबतील. तेव्हा कुळीथ, दूध, दही, पनीर, मूग दुप्पट करायची तयारी आतापासून ठेवा. त्यांना व्रत मोडायला मी सांगत नाही. आंबट खाल्लं की टाके पिकतात, भाताने पू होतो, ही समजूत मात्र सोडा. पू जंतूंनी होतो. उलट या पथ्यांनी माणसाचं ताट रिकामं होतं आणि जखम भरायला अंगात काही उरत नाही. तोंडात कवळी असेल तर ती लावलेली आहे ना बघा. वजन घटलं की कवळी सैल होते, टोचते, आणि मग ‘नको’ म्हणतात. कित्येकदा जेवण न जाण्याचं कारण पोटात नसून तोंडात असतं. जिभेवर पांढरा थर दिसला तर डॉक्टरांना दाखवा, औषधाने जातो. दात किंवा कवळी दोन्ही वेळा घासा, त्याने न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो.

उजव्या बाजूचं आतडं काढल्यावर काही आठवडे दिवसातून तीन-चार वेळा पातळसर शौचाला होतं. ते अपेक्षित आहे. त्यासाठी दूध-दही लगेच बंद करू नका, दुधाने वाढतंय असं स्पष्ट दिसलं तरच कमी करा. दहा-बारा वेळा झालं किंवा रक्त पडलं तर दाखवा.

दुखण्याची गोळी चुकवू नका. ‘सवय लागेल’ म्हणून गोळी न देणं ही क्रूरता आहे. ज्याचं पोट दुखतं तो श्वास खोल घेत नाही, खोकत नाही, चालत नाही आणि झोपत नाही. साधं पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अशा कृश माणसाला दिवसाला तीन ग्रॅमच्या वर नाही. पण दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी परस्पर आणून देऊ नका. खाणंपिणं कमी, त्यात बीपीच्या गोळ्या, त्यात ही, असं झालं की मूत्रपिंड बसतं.

रात्रीचं काय करायचं? काकांना हाका मारत असतील तर ‘ते वारले, विसरलात का?’ म्हणू नका. दर वेळी ती बातमी त्यांना नव्याने कळते. वादही घालू नका. हात हातात घ्या, आपलं नाव सांगा, ‘बाबा, मी आहे, आपण घरी आहोत, बाहेर पाऊस पडतोय’ एवढं हळू बोला. हात बांधू नका. मंद दिवा चालू ठेवा, कारण पूर्ण काळोखात भास वाढतात. आणि पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरी हाताशी ठेवा. दिवसा चष्मा डोळ्यांवर आणि यंत्र कानात असलंच पाहिजे. ऑपरेशनला जाताना काढून पिशवीत ठेवलेलं ते बारा-पंधरा दिवस तसंच पडून राहतं, हे मी शंभरदा पाहिलंय. सकाळी खिडक्या उघडा, खुर्ची पडवीत आणा, आज वार कुठला, कोण आलंय, कलमांच्या बागेत काय चाललंय ते सांगा. भेटायला येणाऱ्यांना एकेकाने या म्हणावं. खाटेभोवती दहा जण उभे राहून ‘ओळखलंस काय माका?’ विचारतात, त्याने माणूस आणखी गोंधळतो. कारणावर उपचार झाले की बहुतेकांचं भान काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत परत येतं. काहींची स्मृती थोडी मागे राहते. ऑपरेशनपूर्वी ते हिशोब विसरत होते का, वाट चुकत होते का, हे आईला विचारून ठेवा. सर्जनला त्याची मदत होते.

पुढची लक्षणं दिसली तर फोनवर विचारत बसू नका, १०८ला फोन करा किंवा गाडी काढा. पोट फुगून हिरवी उलटी, गॅस-शौच पूर्ण बंद. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप, कारण पायातली रक्ताची गाठ छातीत जाऊ शकते. गाठीचं, म्हणजे कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर रक्त पातळ ठेवायची पोटातली इंजेक्शनं साधारण चार आठवडे देतात. तुमच्या कागदावर ती लिहिली आहेत का, हे आज विचारा. आठ तास लघवी नाही. हाक मारून जागं न होणं. आणि आणखी एक, जे घरच्यांना साधं वाटतं: टाक्यांतून एकदम लालसर, मांस धुतल्यासारखं पाणी येऊन कपडा भिजणं. बाहेरून टाके शाबूत दिसतात, पण आतला पडदा उसवलेला असू शकतो. अशा वेळी आडवं झोपवा, मीठपाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवा, काही खायला देऊ नका, निघा.

आता तुमचे तीन प्रश्न.

पहिल्यासारखे कधी? अमेरिकेत साठीपुढच्या ३७२ रुग्णांचा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर सहा महिने पाठपुरावा केला गेला, तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. भान आणि स्मृती सरासरी तीन आठवड्यांत पूर्वीच्या जागी आली. चालण्याचा वेग सहा आठवड्यांत. आंघोळ, कपडे, शौच ही स्वतःची कामं तीन महिन्यांत. बाजारहाट, पैशांचे व्यवहार, औषधं स्वतः घेणं याला सहा महिने लागले. हाताच्या पकडीची ताकद सहा महिन्यांनंतरही अनेकांची पूर्ण परतली नव्हती. आणि ही मुख्यतः ठरवून केलेली ऑपरेशनं होती. तुमच्या वडिलांचं तातडीचं होतं, तेव्हा थोडं जास्तच धरा. म्हणजे यंदा गणपतीला ते खुर्चीत बसून आरती करतील, घाटी उतरून मूर्ती आणायला नाही. पुढच्या आंब्याच्या हंगामात बागेत जाऊन पेट्या मोजतील अशी आशा धरायला हरकत नाही, कलमावर चढू मात्र नये. रोजचं मोजमाप करू नका, दिवस वरखाली होतात. दर रविवारी लिहून ठेवा: पडवीच्या किती खेपा, किती वेळा खाल्लं, वजन किती. तीन रविवार ओळीने आकडे खाली गेले तर काहीतरी सुटतंय.

डोंबिवलीला न्यावं का? आत्ता नको. दहा तासांचा गाडीचा प्रवास, पाय लोंबते, लघवी धरून ठेवलेली, आणि पोचल्यावर अनोळखी खोली. वात झालेल्या माणसाला ओळखीचा खांब आणि ओळखीचा आवाज यांचा फार आधार असतो. तपासणीत सांधा गळतोय असं निघालं तर जवळच्या सोयीच्या रुग्णालयात तातडीने हलवावं लागेल, पण तो वेगळा प्रवास. शक्य असेल तर तुम्हीच रजा आठ दिवसांनी वाढवा. पुढचे दोन आठवडे माणूस लागणार आहे, आणि तुमची आईही सत्तरीची असेल. रात्रीची पाळी तिच्यावर टाकू नका. ती पडली तर घरात दोन रुग्ण होतील. उपकेंद्रातल्या सिस्टरना भेटून आठवड्यातून दोनदा बीपी बसून आणि उभं राहून मोजायला सांगा, त्या येतात.

चूक केली का? नाही. गाठीने अडलेलं आतडं सोडवलं नसतं तर ते फुगून फुटलं असतं, आणि तो मरण्याचा फार वेदनेचा मार्ग आहे. तो मी पाहिलाय. तुम्ही रात्रीत निर्णय घेतलात तो बरोबर होता. काढलेल्या भागाचा बायोप्सीचा रिपोर्ट साधारण दोन आठवड्यांत येतो. त्यात आसपासच्या किती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या ते बघा, किमान बारा हव्यात. केमोथेरपी लागणार असेल तर ती सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास सुरू करतात, आणि ती झेपेल का हे त्या वेळी वडील किती चालतात-खातात यावर ठरेल. म्हणून पडवीच्या या खेपा आणि हे घास कॅन्सरच्या उपचाराचाही भाग आहेत. रिपोर्ट त्यांच्यापासून लपवू नका. भान आलं की त्यांना सांगा, आणि पुढचं काय करायचं ते त्यांनाही विचारा. शरीर त्यांचं आहे.

आज डॉक्टरांकडून आल्यावर मला चार गोष्टी कळवा: नाडी, साखर, सोडियम, आणि नळी घालून किती लघवी निघाली. ते आकडे आले की कुठली गोळी बदलायची हे तुमच्या सर्जनशी बोलून ठरवू.